अस्सलपणाचा बाजार

गेल्या दिवाळीत माझा भाचा मिशिगनहून नांदेडला आला होता. स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चालू होता, ओसरीवर नातवंडांनी किल्ल्याची माती थेट उंबऱ्यापर्यंत आणून ठेवली होती, आणि पन्नाशीला टेकलेला हा गृहस्थ मला फोनवर मोटारींची चित्रे दाखवीत बसला होता. चित्रे म्हणजे विक्रीची. कुणी फ्लॉरिडातला, कुणी टेक्ससमधला. जो तो आपल्या घरची जुनी गाडी कुणा शौकिनाच्या पदरात घालायला निघालेला. पाँटिअॅक, प्लिमथ, डॉज, मस्टँग! तांबड्या, पिवळ्या, जांभळ्या. 'मामा, यांना मसल कार म्हणतात,' तो म्हणाला. 'म्हणजे पैलवान गाड्या,' मी म्हटले. हे भाषांतर त्याला फार आवडले.

या पैलवानांची कूळकथा थोडक्यात अशी. १९६४ साली पाँटिअॅक कंपनीने आपल्या टेंपेस्ट नावाच्या मध्यम अंगाच्या गाडीत ३८९ घनइंचांचे, आठ सिलिंडरचे दांडगे इंजिन बसवून दिले, तेही सुमारे तीनशे डॉलर जादा घेऊन, आणि त्या प्रकाराला जीटीओ असे नाव ठेवले. त्याच वर्षीच्या एप्रिलात फोर्डने मस्टँग बाजारात आणली. मग काय, ज्याला त्याला इंजिन मोठे हवे झाले. पाचसहा वर्षे ही कुस्ती रंगली. पुढे विमा कंपन्यांनी तरुण पोरांचे हप्ते वाढवले, १९७० साली हवा स्वच्छ ठेवण्याचा कडक कायदा झाला आणि १९७३ साली अरबांनी तेलाचा नळ आवळला. पैलवान कोठारात जाऊन पडले. ज्या पोरांना तेव्हा त्या गाड्या परवडल्या नव्हत्या ती पुढे म्हातारी झाली, हाती पैसा आला, आणि आपले हुकलेले तारुण्य ती आता लिलावात विकत घेतात. १९७१ ची, उघड्या टपाची, हेमी इंजिनाची एक प्लिमथ २०१४ साली पस्तीस लाख डॉलरला गेली.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. ज्याचा पैसा त्याची हौस. तक्रार सुरू झाली ती भाच्याने एक शब्द वापरल्यावर. तो म्हणाला, 'मामा, ही गाडी ओरिजिनल आहे बरं का. आकडे जुळतात.' आकडे जुळणे म्हणजे इंजिनावर ठोकलेला आकडा गाडीच्या सांगाड्यावरच्या आकड्याशी मिळाला पाहिजे. जे इंजिन घेऊन ती कारखान्यातून बाहेर पडली तेच आजही तिच्या पोटात आहे, असा त्याचा अर्थ. आकडे जुळले तर किंमत चढते, न जुळले तर सपशेल उतरते. आपल्याकडे मुलीची पत्रिका जुळवताना एवढी बारकाई करीत नाहीत! नाडीला तरी शांत असते. इथे तीही नाही.

हा 'ओरिजिनल' शब्द मी यापूर्वी एकदा ऐकला होता, आणि त्या दिवशी माझ्या घशाखाली जेवण उतरले नव्हते. तीच हकीकत सांगायला बसलो आहे.

आमच्या वडिलांची लातूरला आडत होती. गंजगोलाईपासून हाकेच्या अंतरावर गोदाम. करडई, भुईमूग, तूर, थोडा कापूस. १९५९ साली त्यांनी हैदराबादच्या एका डॉक्टरांकडून जुनी डॉज किंग्जवे घेतली. गाडी १९५१ ची. आता डॉज म्हटले म्हणजे अमेरिकन हे खरे, पण ही जोडलेली होती मुंबईला, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ती कंपनी काढली आणि क्रायस्लर कंपनीशी करार करून सुटे भाग आणवून गाड्या जोडायला सुरुवात केली. एकच गाडी, तिच्या नाकावर वेगवेगळी जाळी बसवली की कधी तिचे नाव डॉज, कधी प्लिमथ, कधी डिसोटो. फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोघांचेही मुंबईत असेच जोडणीचे कारखाने होते. गाडीचे भाग इथेच बनवा असा सरकारचा आग्रह झाला तेव्हा दोघांनीही १९५४ च्या सुमारास गाशा गुंडाळला. तेव्हा 'अस्सल अमेरिकन' म्हणून आज जिची पूजा चालली आहे तिचे बाळंतपण कुर्ल्याला झाले होते, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

गाडीचे रूप मला अजून जसेच्या तसे दिसते. रंग काळा, पोट मोठे, डोळे बटबटीत. सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, गिअरचा दांडा चाकापाशी, बॅटरी सहा व्होल्टची. हिवाळ्यात ती पहाटे सुरू व्हायची नाही. मग आडतीवरचे चार हमाल, आम्ही दोघे भाऊ, शिवाय रस्त्याने जाणारा कुणीही सज्जन, असे सगळे मिळून तिला गोलाईपर्यंत ढकलत नेत असू. गोलाईच्या उतारावर ती एकदा खोकली की सगळे टाळ्या वाजवीत. पुष्कळांच्या पहिल्या प्रवासाची ती गाडी. लग्नात नवरानवरी तीतून गेली, निवडणुकीत मतदार गेले (कोणत्या पक्षाचे ते विचारू नका, वडील व्यापारी होते), १९७२ च्या दुष्काळात तिच्या मागच्या पेटीतून सुकडीची पोती गेली, आणि अडलेल्या बाया तर किती गेल्या असतील त्याची गणती नाही. एक मूल शिरूर ताजबंदच्या अलीकडे गाडीतच जन्मले. वडील पुढे बसून रामरक्षा म्हणत होते म्हणे.

गाडी बिघडली की वडील ती लातूरला कुणाला उघडू देत नसत. नांदेडचा मिस्त्री. चाकूर, अहमदपूर, लोहा करीत पाऊणशे कोस नव्हे, पण सव्वाशे-दीडशे किलोमीटर रस्ता, तोही तेव्हाचा. तरी गाडी नांदेडलाच जायची. मिस्त्री हैदराबादला शिकलेला. निजाम सरकारच्या रेल्वेने १९३२ साली सत्तावीस बसगाड्यांवर मोटारखाते सुरू केले, त्या खात्याच्या वर्कशॉपात त्याने पोरवयात पाने धुतले आणि पुढे हिंगोली गेटजवळ स्वतःचे दुकान टाकले. पत्र्याची शेड, लिंबाचे झाड, एक लेथ. डॉजचा सुटा भाग मिळणे १९६० नंतर दुर्मीळ होत गेले, कारण आयात बंद. मग मिस्त्री तो भाग करायचा. बुश, पिना, पाण्याच्या पंपाचा दांडा, हे सगळे त्या लेथवर उतरलेले. तांब्याचे पॅकिंग तर त्याने एकदा आमच्या घरच्या फुटक्या घंगाळातून कापले होते. आईने ते घंगाळ कल्हईवाल्यासाठी काढून ठेवले होते. तिने पुढे महिनाभर मिस्त्रीचे नाव घेतले नाही.

तेलाचा दुसरा भडका १९७९ साली उडाला, तेव्हा गाडी विकायची असे वडिलांनी ठरवले होते. पेट्रोल पिणारी ही म्हैस कोण पोसणार? मिस्त्री म्हणाला, विकू नका, डिझेलवर करून देतो. पर्किन्सचे चार सिलिंडरचे एक जुने इंजिन त्याने कुठूनसे पैदा केले. आता हे काम म्हणजे काय ते ज्याने मोटार फक्त चालवली आहे त्याला कळायचे नाही. इंजिन एका विलायती जातीचे, गिअरबॉक्स दुसऱ्या अमेरिकन जातीची. दोघांची भोके जुळत नाहीत, दांड्याचा मध्य जुळत नाही, वजन वेगळे, हादरा वेगळा. मध्ये एक जाड लोखंडी तबकडी घालावी लागते. तिच्या एका अंगाला इंजिनाची भोके, दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची, आणि मध्यबिंदू केसभरही ढळता कामा नये. ढळला तर महिन्याभरात क्लच फाटतो. मिस्त्रीने ती तबकडी जहाजाच्या नव्हे, बैलगाडीच्या नव्हे, एका मोडीत निघालेल्या तेलघाण्याच्या लोखंडातून केली. कागदावर नकाशा नाही. चहाच्या पुड्यावर पेन्सिलीने दोन वर्तुळे, बस्स. इंजिन धरायला ट्रकच्या चॅनेलचे दोन कोन, रेडिएटर चार बोटे पुढे, बॅटरी बारा व्होल्टची. आईला सांधेदुखी होती, तिला चढउतार करता यावी म्हणून मागच्या दाराजवळ त्याने सांगितल्याशिवाय एक लोखंडी दांडी बसवली. वडिलांनी भीत भीत विचारले, 'अमेरिकन गाडीला हे इंजिन मानवेल का?' मिस्त्री हसून म्हणाला, 'सेठ, गाडी कू क्या मालूम उनो अमरीकन है?'

त्यानंतर ती गाडी पंधरा-सोळा वर्षे चालली.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. मी नांदेडला होतो. आमच्याही मांडणीवरची भांडी पडली. लातूरला धाकट्या भावाने उजाडायच्या आत गाडी काढली. किल्लारी लातूरहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. मागची बैठक उपटून त्याने गोदामात टाकली, आत पोती आणि गाद्या अंथरल्या, आणि दिवसभरात चार खेपा केल्या. जाताना पाणी आणि भाकरी, येताना माणसे. तो त्याबद्दल फारसे बोलत नाही. एवढेच एकदा म्हणाला की, एका बाईला लोखंडी खाटेसकट उचलावे लागले, खाटेचा पाय दाराच्या आतल्या पत्र्यात रुतला आणि निघेना. शेवटी चौघांनी ओढला तेव्हा पत्रा वीतभर फाटला. ते दार आम्ही पुढे कधी दुरुस्त केले नाही. बैठकही परत बसवली नाही. सुताराकडून फळी घालून घेतली.

वडील १९९८ साली गेले. गाडी गोदामात उभी राहिली. २०११ साली एक दलाल आला. असे दलाल आता नांदेड-लातूरच्या गल्लीबोळांतून नेहमी फिरतात. कुणाच्या वाड्यात शेव्हर्लेट आहे, कुणाच्या आखाड्यावर महायुद्धानंतरची विलीस जीप कडब्याखाली झाकली आहे, याची त्यांच्याकडे वही असते. बोलणे मोठे गोड. कुणाची आजारपणे आहेत, कुणाच्या भावाभावांत वाटणी अडली आहे, हेही त्या वहीत असावे. भाऊ म्हणाला, 'दादा, गोदामात उंदरं पोसायची का?' त्याला मुलीचे लग्न काढायचे होते. एक लाख पंधरा हजार ठरले. संमतीच्या कागदावर माझी सही आहे. हे मी लपवीत नाही, कारण पुढे मी जो आरडाओरडा करणार आहे तो करण्याचा हक्क त्या सहीने अर्धा बुडाला आहे, हे मला पक्के ठाऊक आहे.

२०१९ साली मुंबईला एका लग्नाच्या निमित्ताने गेलो असताना जुन्या मोटारींचे प्रदर्शन पाहायला गेलो. तिसऱ्या रांगेत ती उभी! मी तिला ओळखले ते डोळ्यांवरून. बाकी ओळखण्यासारखे काही नव्हते. काळ्याची ती दुरंगी झाली होती, वरून साय आणि खालून मोरपंखी. आत कातडी बैठक. मागच्या दाराला आतून नवे, मऊ, गुबगुबीत अस्तर. दांडी नाही. आणि समोर पितळेच्या स्टँडवर पाटी. पाटीवर लिहिले होते की, ही गाडी निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातल्या एका जहागीरदार नवाबाच्या दिमतीस होती.

वाचकहो, थोडा हिशोब करू. निजामाची राजवट संपली १७ सप्टेंबर १९४८ ला. जहागिऱ्या बरखास्त झाल्या १९४९ साली. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली १९५१ साली. म्हणजे नवाबसाहेब आपली राजवट बुडाल्यावर तीन वर्षांनी, त्या राजवटीतच, या गाडीत बसून फिरायला निघाले होते! इतकी मोठी लबाडी करणाऱ्याला एक पंचांग तरी चाळता येऊ नये? पण चाळण्याची गरजच नव्हती. निजामाचे नाव घेतले की हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यातली ती पिवळी रोल्स रॉइस लोकांच्या डोळ्यांपुढे उभी राहते, आणि मग तेल्यातांबोळ्यांच्या करडईच्या वासाची डॉजही तिच्या उजेडात चमकू लागते. आडत्याची गाडी कोण पाहणार? पाटीवर नवाब पाहिजे, निदान एखादा शिकारी संस्थानिक तरी.

मालक भेटले. सभ्य, गोरेगोमटे, हातात पातळ हातमोजे. मी ओळख सांगितली. त्यांना आनंद झाला, हे खोटे नाही. म्हणाले, 'काका, तुमच्याकडून आली तेव्हा फार हाल होते तिचे. कुणीतरी भलतेच इंजिन घातले होते, कुठे दांड्या जोडल्या होत्या, दार फाटलेले. आम्ही ते सगळे काढून टाकले. दुसऱ्या एका गाडीचे खरे डॉजचे इंजिन मिळवून बसवले. आता ती पूर्ण ओरिजिनल आहे.'

कुणीतरी! मी उभ्या जागी थंड झालो. दुसऱ्याच गाडीचे काळीज काढून हिच्यात घातले, ती ओरिजिनल. आणि जे काळीज हिच्यात सोळा वर्षे धडधडले, जे किल्लारीच्या चार खेपा करून आले, ते भलतेच!

आता भाच्याच्या फोनातल्या एका गाडीकडे वळतो. १९६८ साली 'बुलिट' नावाचा सिनेमा आला. त्यात स्टीव्ह मॅक्क्वीनने हिरवी मस्टँग पळवली. १९७४ साली ती गाडी एका साध्या कुटुंबाने जाहिरात वाचून सहा हजार डॉलरला घेतली. घरच्या बाई शिक्षिका होत्या. त्या ती घेऊन शाळेत जात. पुढे क्लच गेला, गाडी बरीच वर्षे पडून राहिली. २०२० च्या जानेवारीत फ्लॉरिडातल्या लिलावात ती सगळा खर्च धरून ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली, म्हणजे तेव्हाचे साडेसव्वीस कोटी रुपये. आणि कशी गेली? रंग उडालेली, गंजलेली, मळलेली, तशीच. सिनेमावाल्यांनी कॅमेरा बांधायला अंगाला जे पत्रे आणि पट्ट्या जोडल्या होत्या त्यांच्या खुणांसकट. त्या खुणा पुसल्या असत्या तर गाडीची किंमत पडली असती! म्हणजे खूण ठेवायची की पुसायची हे खुणेवर ठरत नाही. ती खूण कुणाची, यावर ठरते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. कॅरोल शेल्बी म्हणून टेक्ससचा एक माणूस होता. कोंबड्या पाळण्याच्या धंद्यात बुडाला, शर्यतीत गाडी चालवून नाव मिळवले आणि पुढे कॅलिफोर्नियात कारखाना काढला. १९६५ साली फोर्डच्या मस्टँगा तो आपल्याकडे आणी आणि बदलून विकी. मागची बैठक उपटून टाकी, यंत्र चढवी, स्प्रिंगा बदली. त्याने हात लावलेल्या गाडीला आज हात न लावलेल्या गाडीच्या कितीतरी पट मोल येते. त्याच्या नावाची ती वेगळी जातच मानतात. मला शेल्बीबद्दल काही वाईट बोलायचे नाही. मोठा कारागीर होता. पण मागची बैठक त्यानेही उपटली आणि माझ्या भावानेही उपटली. इंजिनाशी झटापट त्यानेही केली आणि हिंगोली गेटच्या मिस्त्रीनेही केली. त्याचा झाला 'बदल', आमचा झाला 'बिघाड'. त्याच्या नावाचे बिल्ले गाडीच्या अंगावर मिरवतात, आणि आमच्या मिस्त्रीचे नाव 'कुणीतरी'.

हे सगळे मी भाच्याला ऐकवले तेव्हा तो गप्प बसणारा नव्हता. म्हणाला, 'मामा, तो शौकीन आला नसता तर तुमची गाडी भंगारात गेली असती. किलोवर.' खरे आहे. मी मान्य करतो. मराठवाड्यातल्या अशा कितीतरी गाड्या गॅस कटरने तुकडे होऊन मोडीत गेल्या, आणि त्यांच्यासाठी कुणी अश्रू ढाळला नाही. आम्हीही ढाळला नसता. त्या गृहस्थाने आमच्या गाडीवर आम्ही कधी केला नसता इतका खर्च केला. पण जीव वाचवणाऱ्या वैद्याला रोग्याचे नाव, गाव, आईबाप बदलण्याचा अधिकार कोणी दिला? भंगारवाला निदान प्रामाणिक असतो. तो लोखंडाला लोखंड म्हणतो, नवाब म्हणत नाही.

आणि आता या समजुतीवर सरकारी शिक्काही बसला आहे. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने जुन्या मोटारींचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पाटीवर 'व्हीए' ही वेगळी अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती रस्त्यावर आणायची नाही. इथवर ठीक. पण अट अशी की, गाडी मूळ स्वरूपात हवी. सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. हेतू मी समजू शकतो. नाहीतर कुणीही नव्या जीपला जुना पत्रा मारून पणजोबांची म्हणून आणील. पण या अटीचा आमच्या भागात अर्थ काय होतो? जी गाडी गोदामात निजून राहिली ती वारसा. जी लोकांच्या कामाला येत राहिली, म्हणून जिला मिस्त्रीने पुन्हा पुन्हा उभी केली, ती नापास. आयातबंदी सरकारची, तेलाचा भडका जगाचा; त्या दोहोंतून गाडी तगवली म्हणून मिस्त्री अपराधी! माझे म्हणणे इतकेच की, आमच्या डॉजमधले ते पर्किन्स आज जागेवर असते तर २०२९ साली त्या बसवण्यालाच पन्नास वर्षे झाली असती. मग ते जुने की नाही? पन्नास वर्षांचा पत्रा व्हिंटेज, आणि पन्नास वर्षांची अक्कल नव्हे, हे कोणत्या पंचांगात बसते?

गाड्या विकू नका असे मी कुणाला सांगणार नाही. ज्याची चूल त्याला ठाऊक. पण विकताना एक पाठकोरा कागद तरी गाडीबरोबर द्या. गाडी कोणी घेतली, कोठून घेतली, तिने काय वाहिले, कोणी दुरुस्त केली, काय बदलले आणि का बदलले. मिस्त्रीचे नाव पत्त्यासह. घेणाऱ्याला तो कागद काचेत लावावा लागेल असे सौद्यातच लिहून घ्या. दलाल कुरकुरेल, कुरकुरू द्या. आम्ही हे केले नाही. आम्ही रिकामी गाडी विकली, म्हणूनच तीत नवाबाला बसायला जागा झाली. प्रदर्शनात मी त्या मालकांना पाटी बदला म्हणून सांगितले. ते 'पाहतो' म्हणाले. नंतर मी दोन पत्रे पाठवली, किल्लारीची हकीकत तारखेनिशी लिहून. उत्तर आले नाही. ती पाटी वाचून लातूरचीच चार पोरे त्या गाडीपुढे फोटो काढून घेत होती, हे मात्र सांगितले पाहिजे. नवाब त्यांनाही हवाच होता.

मिस्त्री आता नाही. त्याचा मुलगा त्याच शेडमध्ये बसतो. लेथ तोच आहे, लिंब तोडला. प्रदर्शनाहून परत आल्यावर मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा एक गोष्ट कळली. ते इंजिन काढण्याचे काम दलालाने २०११ साली त्यालाच दिले होते. दोन दिवसांचे काम, पंधराशे रुपये. बापाने जोडलेले मुलाने कापून काढले. 'क्या करना सर, धंदा है,' तो म्हणाला. इंजिन मोडीत गेले, ट्रकचे कोन मोडीत गेले. तबकडी मात्र त्याने दिली नाही. दलाल किलोने मागत होता.

भाच्याला मी गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिथे घेऊन गेलो. पोराने खिशातून भिंग काढले, तबकडी उचलून भोकांची अंतरे पाहिली, कडेला बोट फिरवले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ही मला द्या, मी घरी भिंतीवर लावतो. आकडा त्याने डॉलरमध्ये सांगितला. मिस्त्रीच्या मुलाने तो रुपयांत करून घेतला, दोनदा विचारून घेतला, आणि तबकडी त्याच्या हातातून काढून घेतली. फडक्याने पुसली, दोन उलट्या डब्यांवर ठेवली. तेवढ्यात चहा आला. तीन पेले त्याने तिच्यावर मांडले.